खोक्यातली वाईन

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीत, आमच्या आत्याच्या मुलाने ऑस्ट्रेलियाहून २ लिटर वाईनचं खोकं आणलं. पाहुणे आले की आत्या ते तांदळाच्या डब्यामागे सरकवते. काचेची बाटली मात्र शोकेसमध्ये मानाने उभी! खोक्यातली ती हलकी, हा समज चुकीचा आहे. १९६५ साली ऑस्ट्रेलियातच थॉमस अँगोव्ह यांनी ही पद्धत काढली. खोक्यात पिशवी असते. तोटी उघडली की वाईन बाहेर येते, पिशवी आक्रसते आणि हवा आत शिरत नाही. म्हणूनच उघडलेली बाटली चार-पाच दिवसांत उतरते, तिथे खोकं महिनाभर टिकतं. अर्ध्या पेल्यावर थांबणाऱ्याला याहून सोयीचं काय? शिवाय वाहायला हलकं, आणि घाटाच्या वळणांवर गवतात दडलेल्या फुटक्या काचा गुरांचे पाय कापतात, तो धोकाही नाही. वर्षानुवर्षं मुरवायची वाईन बाटलीतच ठेवावी, हे खरं. पण रोजच्या वाईनला तो नियम कशाला? आरेचं दूध बाटलीतून पिशवीत आलं, म्हणून दुधाची पत गेली नाही. घेणाऱ्यांनी बेताने घ्यावी, पारख जिभेने करावी. खोक्याची लाज बाळगण्याचं काहीच कारण नाही.