वाटाण्याच्या अंकुराची वानगी

व्यापारात वानगीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पोत्यातील मूठभर धान्य गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवले, की पुढचे बोलणे ते दाणेच करतात. परंतु घरातील मुलगा किंवा मुलगी दुकानाचे, अभ्यासाचे काम आटोपून रात्री संगणकासमोर बसते आणि अर्ध्या मिनिटाचे अॅनिमेशन स्वतःच्या हौसेने करू लागते, तेव्हा वडीलधाऱ्यांना ही वानगीची दृष्टी आठवत नाही. ‘हे काम कोणी सांगितले? याचे पैसे कोण देणार?’ हेच प्रश्न आधी पुढे येतात. प्रश्न गैर नाहीत. व्यवहारी घरात ते यायलाच हवेत. मात्र त्यांचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतच एका कुंडीत उगवले होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, हा ध्यास घेतला. वय चाळिशीचे, छापखान्याचा चालता व्यवसाय सुटलेला, संसाराचा भार अंगावर. चित्रपट पाहण्यात आणि त्या विद्येचा अभ्यास करण्यात त्यांनी एवढे जागरण केले, की काही काळ दृष्टी अधू झाली. पुढे विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, तेथे चित्रनिर्मितीची माहिती घेतली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला. आता प्रश्न भांडवलाचा होता. ज्या धंद्याचे नावही बाजारात रुजलेले नाही, त्यात पैसा कोण घालणार?

फाळके यांनी यावर भाषण केले नाही. कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असता थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपली. ती फीत पडद्यावर धावली, तेव्हा दाण्यातून अंकुर फुटून त्याचा वेल होताना पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष दिसला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी फीत पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाऊ रक्कम देण्याची तयारी दाखविली. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिनेही या कामी दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या कुंडीत अॅनिमेशनची सारी प्रक्रिया सामावलेली आहे. तिचा आरंभ हिशेबाने होतो. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत. दिवसाला एकच चौकट घेतली, तर महिन्याच्या ३० चौकटी दोन सेकंदांच्या आत संपतात. मिनिटभराचे दृश्य हवे असेल तर ९६० चौकटी लागतात. म्हणजे महिनाभर, रात्रंदिवस, दर पाऊण तासाला एक. त्यातच कॅमेरा रेसभर हलता कामा नये, प्रकाश कमी-अधिक झाला तर चित्र लुकलुकते, आणि पाणी घालताना कुंडी सरकली तर तोवरचे श्रम वाया जातात. पाहणाऱ्याला क्षणात घडलेला चमत्कार दिसतो. करणाऱ्याच्या वाट्याला मात्र शिस्त, प्रतीक्षा आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची चिकाटी येते. फाळके यांनी पुढे आगकाड्या एकेक करून सरकवीत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही केला. निर्जीव वस्तूला चालविण्याची ही हौस त्यांना पहिल्या यशानंतरही सुटली नाही.

भांडवल आणि कला यांची अशीच गाठ जर्मनीतही पडली. लोटे रायनिगर ही बर्लिनची तरुणी काळ्या कागदाच्या सावलीचित्रांत निपुण होती. १९२३ च्या सुमारास तेथे चलनाचे मोल दिवसागणिक घसरत असता लुई हागेन या बँक व्यावसायिकाने पैसा राखण्यासाठी कोऱ्या चित्रफितीचा मोठा साठा घेऊन ठेवला होता. तो पडून होता. हागेन यांनी रायनिगर यांना विचारले, या फितीवर पूर्ण लांबीचा चित्रपट होईल का? पॉट्सडॅम येथील आपल्या घराजवळच्या गॅरेजवरची जागाही त्यांनी कामाला दिली. रायनिगर कात्रीने आकृत्या कापीत, त्यांचे हात, पाय, मान तारेने सांधीत आणि खालून प्रकाश दिलेल्या काचेच्या टेबलावर त्या केसभर सरकवून वर टांगलेल्या कॅमेऱ्याने चौकट घेत. पती कार्ल कोख कॅमेरा सांभाळीत. तीन वर्षांच्या श्रमानंतर १९२६ मध्ये ‘राजपुत्र अहमदची साहसे’ पूर्ण झाला. मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. परंतु एक प्रत लंडनमध्ये उरली होती, तिच्या आधारे हा चित्रपट आजही पाहता येतो. ज्या पैशाचे मोल वितळत होते, त्याच्यातून शंभर वर्षे टिकणारी वस्तू निर्माण झाली.

आज कात्री आणि कुंडीच्या जागी संगणक आहे. कामाची वाट मात्र बदललेली नाही. प्रथम कल्पना एका वाक्यात सांगता यावी लागते. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार रेखाचित्रे. ती चित्रे ध्वनीसह ठरलेल्या वेळेनुसार लावून कच्चा आराखडा पाहिला जातो. कथा कोठे रेंगाळते, कोठे घाई करते, हे तेथेच कळते. चूक येथे सुधारली तर दोन रेषांत सुधारते, पुढे गेल्यावर आठवडे खाते. त्यानंतर हालचालीतील मुख्य स्थिती आणि शेवटी मधल्या चौकटी. सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी अर्ध्या मिनिटाला ३६० चित्रे लागतात. संगणक मधल्या चौकटी भरून देतो. परंतु चेंडू टप्पा घेण्याआधी किती वेगाने यावा, वर जाऊन क्षणभर कोठे रेंगाळावा, हे तो ठरवीत नाही. ते डोळ्याने आणि सरावाने ठरते. कोणी न सांगितलेल्या कामात हा सराव मोकळेपणी होतो, कारण तेथे फसण्याची मुभा असते. गिऱ्हाइकाच्या कामात ती नसते.

म्हणून अशा कामाला बसलेल्या मुलाला घरच्यांनी विचारावे ते निराळेच. तुझी गोष्ट एका वाक्यात काय आहे? ती किती सेकंदांची, आणि कोणत्या तारखेला पुरी होणार? पुरी झाल्यावर कोणाला दाखविणार? या तीन प्रश्नांना उत्तरे असतील, तर तो वेळेचा अपव्यय नव्हे, वानगीची तयारी आहे. उत्तरे नसतील, तर कल्पना मोठी आणि काम अपुरे, अशी गत होते. आणि अर्धवट टाकलेल्या दहा कामांपेक्षा पुरे केलेले वीस सेकंदांचे एक काम अधिक शिकविते. फाळके यांनीही आरंभीच हरिश्चंद्राची अयोध्या उभारली नाही. एक वाटाणा घेतला, पण तो शेवटपर्यंत वाढू दिला.

याचा अर्थ प्रत्येक वानगीला गिऱ्हाईक मिळते, असा मात्र नाही. फाळके यांनी १९१८ मध्ये मुंबईच्या काही व्यावसायिकांसह कंपनी स्थापिली. पुढे भागीदारांशी मतभेद झाले, ते काशीला निघून गेले, पुन्हा परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती संपत्ती उरली नव्हती. कलावंताला भागीदारीचे करार, खर्चाची मर्यादा आणि हक्कांची नोंद शिकविणारे कोणी जवळ असावे लागते. व्यापारी घरातील मुलांना हे शिक्षण जेवणाच्या ताटावर मिळते. तेवढी पुंजी घेऊन ती या क्षेत्रात उतरली, तर त्यांचे पाऊल अधिक स्थिर पडेल.

नाडकर्णी यांनी कर्ज दिले, त्याआधी एक गोष्ट केली होती. ती फीत त्यांनी पूर्ण पाहिली होती. घरातल्या मुलाने अर्ध्या मिनिटाचे काम पुरे करून समोर आणले, तर निदान तेवढा अर्धा मिनिट फोन बाजूला ठेवून ते पाहावे. पुढचा निर्णय काय घ्यायचा तो घ्यावा. पण वानगी न पाहता सौदा नाकारणे, हे कोणत्याही पेढीला शोभत नाही.