पंचाला साक्षीदार हवा

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीची मॅटवरची लढत सुरू होती. पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. राक्षे नांदेडकडून उतरलेला, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ दाखवा, असं तो म्हणत राहिला. निर्णय काही बदलला नाही आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड शेवटचे काही सेकंद उरले असताना पंचांवर नाराज होऊन मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन कुणीही करू नये, मीही करत नाही. मैदानात पंचावर हात उचलणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्या दिवशी खांदे टेकले होते की नव्हते, याचं सर्वांना पटेल असं उत्तर त्याच क्षणी, त्याच मैदानात मिळालं नाही, आणि खरा अन्याय तो आहे. तो एकट्या राक्षेवर झालेला नाही. मोहोळच्या गदेवर विनाकारण सावली पडली. पंचाची तर दोन्हीकडून फरफट झाली.

आमचा आदिलाबाद जिल्हा तेलंगणातला, पेनगंगेच्या दक्षिण काठावर. पलीकडे यवतमाळ, शेजारी नांदेडचा किनवट-माहूर मुलूख. जैनथ, बेला, तांसी, तलामडगू भागात घराघरांत मराठी बोलली जाते आणि जत्रेत कुस्तीचा फड भरतो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, शेवटची चांदीच्या कड्याची. त्यामुळे अहिल्यानगरचा वाद आम्हाला परका नव्हता. त्या वादात दोन बाजू ऐकू आल्या. एक म्हणते, पंच म्हणेल ते प्रमाण, त्यावर पुन्हा बोलायचं नाही. दुसरी म्हणते, पंच हवेतच कशाला, कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र बसवा, ते कुणाच्या गावचं नाही की कुणाच्या तालमीचं नाही. दोन्ही बाजू मला अमान्य आहेत.

आधी पहिली. पंचाच्या शब्दाची पडताळणी केली की पंचाचा मान जातो, हा समज क्रिकेटने कधीच खोटा ठरवला आहे. १९९२ साली डर्बनच्या कसोटीत तिसऱ्या पंचाने पडद्यावर पाहून धावबाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. त्यानंतर पायचीत आणि झेल यांच्या निर्णयांना आव्हान देण्याची पद्धत आली. २००८ साली तिचा पहिला प्रयोग भारत-श्रीलंका कसोटी मालिकेतच झाला, तरी आपल्या क्रिकेट मंडळाने तिला कित्येक वर्षं विरोध केला आणि २०१६ साली इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ती स्वीकारली. या सगळ्या काळात पंचाची पत कमी झालेली दिसत नाही. उलट पंचाचा निर्णय पडद्यावर बरोबर ठरला की मैदान त्याच्यासाठी टाळ्या वाजवतं. पूर्वी बरोबर निर्णय देणाऱ्या पंचाला फक्त शांतता मिळायची.

कुस्तीतही आव्हानाची सोय आहेच. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे गुणांचा निर्णय मान्य नसेल तर प्रशिक्षक मॅटवर स्पंज टाकतो, मग चित्रफीत पाहिली जाते. आव्हान फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणून कुणी उगाच मागत नाही. चितपटीला मात्र हे आव्हान लागू नाही. तिथे मॅट चेअरमनने संमती दिली की कुस्ती संपली. म्हणजे एक-दोन गुणांची पडताळणी होते आणि ज्या निर्णयाने अख्खी कुस्ती निकाली होते त्याची नाही. माझ्या मते नियम नेमका इथेच बदलायला हवा.

चितपट म्हणजे काय ते जवळून पाहा. दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला लागले पाहिजेत आणि पंचाला दिसेल इतका वेळ ते धरून ठेवले पाहिजेत. पंच गुडघ्यावर येतो, कधी पोटावर पडून गाल मॅटला टेकवतो. त्याच्या बाजूचा खांदा त्याला दिसतो. पलीकडचा वरच्या पैलवानाच्या छातीआड असतो. खालचा पैलवान पूल बांधून मानेवर उठायची धडपड करत असतो, अंग घामाने निसरडं झालेलं, आणि हा सगळा खेळ एका सेकंदाच्या आत उरकतो. प्रेक्षकाच्या मोबाइलमध्ये यातलं निम्मंच येतं, कारण एका बाजूच्या कॅमेऱ्याला एकच खांदा दिसतो. म्हणून गावोगाव फिरणाऱ्या त्या क्लिपांवरून ‘टेकले’ म्हणणारे आणि ‘नाही टेकले’ म्हणणारे, दोघंही तितकेच ठाम होते. चार कोपऱ्यांत चार कॅमेरे असते आणि त्यांची चित्रं एकत्र जुळवून खांद्यांची रेषा दाखवणारी प्रणाली असती, तर हा प्रश्न मिनिटभरात सुटला असता.

अशी प्रणाली कल्पनेतली नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये जपानच्या फुजित्सू कंपनीने बनवलेली यंत्रणा खेळाडूच्या सांध्यांचे कोन मोजते. २०१९च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत ती काही मोजक्या साधनांवर वापरली, २०२३ साली अँटवर्पमध्ये सर्व दहा साधनांवर. तिथेही गुण माणूसच देतो. शंका आली, तक्रार आली, की यंत्राचं मोजमाप पुढे घेतात.

‘चूक हा खेळाचाच भाग, आज तुझ्या वाट्याला, उद्या त्याच्या,’ असंही पहिल्या बाजूचे लोक म्हणतात. चुका अशा समान वाटल्या जात असत्या तर मी गप्प बसलो असतो. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवी उपांत्य फेरीत यजमान कोरियाच्या बॉक्सरकडून हरली. तो निकाल अनेकांना पटला नाही. तिने व्यासपीठावर कांस्यपदक गळ्यात घालू दिलं नाही आणि तिलाच एका वर्षाची बंदी भोगावी लागली. दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगच्या निकालांवर इतका गदारोळ झाला की तिथल्या सर्व ३६ पंच-परीक्षकांना पुढे बाजूला ठेवावं लागलं, आणि २०२१च्या मॅकलारेन चौकशीत गैरव्यवहाराची पद्धतशीर साखळी उघड झाली. चूक यजमानाकडे झुकते, मोठ्या संघटनेकडे झुकते, नावाजलेल्या तालमीकडे झुकते. पाठीशी कुणी नसलेल्या पोराकडे झुकलेली चूक फारशी कुणी पाहिलेली नाही.

आता दुसरी बाजू, जिला यंत्राचा भरवसा आहे. तिला मी आदिलाबादच्या कापूस बाजारात यायला सांगेन. दिवाळीच्या सुमारास यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भाव कापतात, १२च्या वर गेला तर गाडी परत. ओलावा यंत्र मोजतं. यंत्राला जातपात नाही, गाव नाही. तरीही हंगाम सुरू झाला की ओलाव्यावरून भांडण पेटतंच. कारण उन्हं खाल्लेला वरचा थर कोरडा असतो आणि पहाटेच्या दवातला आतला कापूस ओला. काटा कुठे खुपसायचा, किती ठिकाणी खुपसायचा, आकडा शेतकऱ्याला दाखवायचा की नुसता ओरडून सांगायचा, पुन्हा मोजा म्हणायची सोय आहे की नाही, हे सगळं माणूस ठरवतो. यंत्र खरं बोलत असेलही, पण प्रश्न विचारायचा हक्क एकाच बाजूला असेल तर ते खरं बोलणंही समोरच्याला पटत नाही.

खेळातही हेच. विंबल्डनने २०२५ साली रेषापंच काढून सगळा भार यंत्रावर टाकला. त्याच वर्षी पाव्ल्युचेंकोवा आणि सोने कार्टल यांच्या सामन्यात एक चेंडू स्पष्ट बाहेर पडला आणि यंत्र गप्प राहिलं. कोर्टाच्या त्या भागाची प्रणाली कुणीतरी चुकून बंद केली होती. खुर्चीवरच्या पंचाने गुण पुन्हा खेळायला लावला आणि पाव्ल्युचेंकोवाचा हातातला गेम गेला. सामना तिने पुढे जिंकला म्हणून बभ्रा कमी झाला. त्या एका गुणाच्या वेळी मैदानात यंत्र होतं, पंच होता, हजारो डोळे होते आणि चेंडू बाहेर पडला हे सांगण्याचा अधिकार कुणापाशीच उरला नव्हता.

शिवाय यंत्र जे पाहून शिकतं तेच त्याला कळतं. मॅटवरची, उजेडातली, रंगीत पोशाखातली कुस्ती पाहून शिकलेली प्रणाली आमच्या तांबड्या मातीत गोंधळेल. लंगोट लावलेले, अंगभर माती चढलेले दोन पैलवान एकमेकांत गुंतले की कुठला हात कुणाचा हे तिला ओळखता येणार नाही. कबड्डीत सात जणांच्या ढिगाखाली चढाईपटूचं बोट रेषेला लागलं की नाही, तिथेही तीच पंचाईत. आणि काही गोष्टी मोजण्याच्या नसतातच. पैलवान वेळ काढतोय की डावाची संधी शोधतोय, हे ओळखायला कुस्ती खेळलेलं मन लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं की निवाडा पंचाकडेच राहावा आणि यंत्राने साक्ष द्यावी. हरलेल्या पैलवानाला ती साक्ष एकदा मागता यावी. पंचाने ती सर्वांसमोर पाहावी आणि कारण मोठ्याने सांगावं, आमच्याकडे मराठीत, तेलुगूत आणि गरज पडली तर गोंडीतही. साक्ष अस्पष्ट असेल तर पंचाचा मूळ निर्णय कायम. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टीला निसटता लागत असेल तर मैदानावरच्या पंचाचाच शब्द राहतो. यंत्राने स्वतःची मर्यादा कबूल करण्याची ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. या साक्षीची सर्वांत जास्त गरज प्रामाणिक पंचाला आहे. २०२३ साली पुण्यात सिकंदर शेखच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या चार गुणांवरून वादळ उठलं तेव्हा पंचाला फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. अशा माणसाच्या बाजूने बोलायला त्याच्या शब्दाखेरीज काहीतरी हवं.

खर्चाचा आक्षेप उरतो. हे सगळं ऑलिम्पिकला शोभतं, आदिलाबादला परवडायचं नाही, असं म्हणतात. माझं उत्तर उलट आहे. ऑलिम्पिकमध्ये निदान शंभर कॅमेरे आणि दाद मागायला लवाद असतो. तेलंगणाच्या सीएम कपमध्ये ग्रामपंचायतीपासून सामने होतात, तिथे एक पंच, एक शिट्टी आणि निर्णय संपला. त्यापेक्षाही मला चिंता वाटते ती क्रीडा शाळेच्या निवडीची. आदिलाबादेत राज्याची क्रीडा शाळा आहे, चौथीत प्रवेश मिळतो. ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर अशा चाचण्यांवर मुलं निवडतात. आता ३० मीटर म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीचे पाचेक सेकंद. हातातल्या घड्याळाचा भरवसा किती, हे ॲथलेटिक्सला जुनंच ठाऊक आहे. १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ विद्युत वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद वाढवून धरण्याची पद्धत होती. अंगठा कधी लवकर दाबला जातो, कधी उशिरा, आणि तेवढ्यात इंद्रवेल्लीच्या डोंगरातली कोलाम पोरगी यादीत खाली जाऊ शकते. तिचे आईबाप कुणाकडे दाद मागणार?

इथे फुजित्सूची यंत्रणा नको. तिपाईवर ठेवलेला, सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल पुरतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर एकेक फोन, दोन्हींच्या वेळा जुळवलेल्या, आणि छाती रेषा ओलांडते ती चौकट ओळखणारं साधं सॉफ्टवेअर. कुस्तीच्या मॅटला चार फोन. माती आणि लंगोट ओळखायला यंत्राला शिकवायचं तर आमच्याच जत्रांची चित्रं लागतील, ती गावांना विचारून घ्यावीत. मुलांच्या चाचण्यांची चित्रं मात्र पालकांना दाखवावीत, हरकतीची मुदत संपेपर्यंत जपावीत आणि मग पुसून टाकावीत. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याने पुढच्या निवडचाचणीत एवढ्या ३० मीटरच्या धावेपासून सुरुवात केली तरी चालेल, अट एकच: फोनवरची वेळ मुलीच्या बापाला त्याच वेळी, त्याच रेषेवर दाखवायची.