आम्हीच आमचे नाटक

आयर्लंड देशाच्या नैर्ऋत्येस केरी नावाचा परगणा आहे. माझी मुलगी नोकरीनिमित्त तेथील एका खेड्यात राहते. सेवानिवृत्तीनंतर एका वसंत ऋतूत मी तिच्याकडे काही आठवडे राहिलो होतो. भोवती हिरवीगार कुरणे, दगडांचे बांध, स्वस्थपणे रवंथ करणाऱ्या गाई आणि दिवसातून चार वेळा येऊन जाणारा पाऊस! सकाळी छत्री घेऊन मी फिरावयास निघे. वाटेत भेटणारा अनोळखी मनुष्यदेखील हवापाण्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जात नसे. पुलापर्यंत जावे, दुकानातून पाव घ्यावा आणि परतावे, असा माझा नित्यक्रम ठरून गेला होता.

एके दिवशी दुकानाच्या दारावर नाटकाची जाहिरात लावलेली दिसली. त्याच रात्री गावच्या सभागृहात प्रयोग होता. “कोणती नाटक मंडळी आली आहे?” असे मी दुकानदारीणबाईंना विचारले. बाई हसून म्हणाल्या, “यायचे कुणी? आम्हीच!”

रात्री जाऊन पाहतो तो खरोखरच बाई म्हाताऱ्या आईच्या भूमिकेत उभ्या! रोज घरोघर टपाल वाटणारा तरुण त्यांचा मुलगा झाला होता. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कारागीर दिव्यांची व्यवस्था पाहत होता, आणि शाळेतील एक शिक्षिका पडद्याआडून संवाद सांगत होत्या. मध्येच तो तरुण आपले वाक्य विसरला. सभागृहात सारे चिडीचूप झाले. तेव्हा बाईंनी शांतपणे त्याच्या पेल्यात चहा ओतला आणि आईच्याच स्वरात असा काही प्रश्न विचारला, की त्याला विसरलेले वाक्य आठवले. नाटक पुढे सुरू झाले. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर सुटकेचा निःश्वासच टाकला!

पुढच्या आठवड्यात तीच मंडळी आपले पडदे आणि टेबल-खुर्च्या गाडीत घालून जवळच्या शहरातील नाट्यमहोत्सवात गेली. मीही गेलो. प्रयोग संपताच परीक्षक रंगमंचावर आले आणि सर्व प्रेक्षकांसमक्ष गुणदोष सांगू लागले. गरीब शेतकऱ्याच्या घरात इतका लख्ख उजेड कसा? वाक्याच्या शेवटी आवाज का पडतो? मला अवघडल्यासारखे झाले. पण बाई वहीत एकेक मुद्दा टिपून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले, “आपणांस वाईट नाही वाटले?” त्या म्हणाल्या, “वाईट कशाला वाटावे? गावातले लोक आमचे शेजारी. ते चांगलेच म्हणणार. चूक दाखवणारा माणूस आम्हांला वर्षातून थोडेच दिवस भेटतो.”

‘हौशी’ हा शब्द आपण पुष्कळदा ‘कच्चा’ या अर्थाने वापरतो. तो अर्थ बरोबर नाही, असे मला त्या दिवशी पटले. हौस म्हणजे पैशाच्या आशेवाचून केलेले काम. निष्काळजीपणे केलेले काम नव्हे. आयर्लंडमध्ये अशा हौशी मंडळींसाठी शॅनन नदीकाठच्या अ‍ॅथलोन शहरी १९५३ साली अखिल आयर्लंड नाट्यमहोत्सव सुरू झाला. ठिकठिकाणच्या महोत्सवांत जे संघ सरस ठरतात, त्यांना तेथे जाण्याचा मान मिळतो.

या हौसेतून केवढे कार्य घडू शकते, याचे उदाहरण केरी परगण्यातच आहे. लिस्टोल नावाच्या लहानशा शहरात जॉन बी. केन हे गृहस्थ मद्यगृह चालवीत असत. त्यांनी ‘साइव्ह’ नावाचे नाटक लिहिले. पैशाच्या लोभाने एका अनाथ मुलीचा विवाह वृद्ध शेतकऱ्याशी ठरवला जातो, अशी त्याची करुण कथा आहे. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले, त्याची येथे सहजच आठवण होते. डब्लिनच्या सुप्रसिद्ध अ‍ॅबी थिएटरने केन यांचे नाटक नाकारले. तेव्हा लिस्टोलच्या हौशी मंडळींनी ते हाती घेतले आणि १९५९ साली आपल्या गावच्या नृत्यगृहात त्याचा पहिला प्रयोग केला. त्याच वर्षी अ‍ॅथलोनच्या महोत्सवात ते पहिले आले. मग अ‍ॅबी थिएटरनेच या मंडळींना डब्लिनला पाचारण केले! गावकऱ्यांनी मनावर घेतले नसते, तर ते हस्तलिखित कदाचित पेटीतच पडून राहिले असते.

मुलांनो, आता माझी एक चूक सांगतो. मुख्याध्यापक असताना मी शाळेतील वार्षिक नाटक बंद केले होते. मुले अडखळतात, मिशा गळून पडतात, तालमींत अभ्यासाचा वेळ जातो, मग हा खटाटोप हवा कशाला, असे मला वाटे. त्याऐवजी मी मुलांना शहरात नेऊन नामवंत नटांचे नाटक दाखवीत असे. हेतू चांगला होता. परंतु माझा हिशेब चुकला. उत्तम नाटक पाहावे, यात शंका नाही. आज तर हातातील मोबाइलवरही थोर नटांचा अभिनय पाहता येतो. पण पाहणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्यामुळे मोकळा होत नाही. वाक्य विसरलेल्या सोबत्याला सावरून कसे घ्यावे, हे खुर्चीत बसून शिकता येत नाही. ते रंगमंचावर उभे राहूनच शिकावे लागते. ती संधी मी कित्येक मुलांना नाकारली, याची खंत मला आजही वाटते.

म्हणून तुमच्या शाळेत नाटक बसवावयाचे ठरले, तर संकोच करू नका. राजाची भूमिका मिळाली नाही, तर पडदा ओढण्याचे काम मागून घ्या. पण ते नीट करा. आणि प्रयोग संपल्यावर टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यातून तुमची चूक सांगणारा एक तरी माणूस शोधून काढा आणि त्याचे म्हणणे वहीत टिपून ठेवा.