अठ्ठ्याऐंशींचा हिशेब

एम-४८३ए१ हा अमेरिकी तोफगोळा बाहेरून इतर कोणत्याही १५५ मिलिमीटर गोळ्यासारखाच दिसतो. लांबी मीटरभराला थोडी कमी, वजन सुमारे ४६ किलो. आत मात्र एकसंध स्फोटक नाही. आठ-आठांच्या अकरा थरांत रचलेले ८८ छोटे बॉम्ब त्याच्या पोटात असतात. एवढ्या अरुंद नळकांड्यात एवढे बॉम्ब बसवणे अवघड काम आहे, आणि ज्यांनी ते साधले त्यांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यापुढे ठेवलेल्या उद्दिष्टाचा. ‘मावतील तेवढे भरा’ हे ते उद्दिष्ट होते, आणि त्याची किंमत गेली कित्येक दशके जमीन कसणारा माणूस चुकवतो आहे. या जातीचा दारूगोळा आता महाराष्ट्रातच तयार होणार असल्याने हा हिशेब आपणही मांडायला हवा.

जागा वाचवण्याची युक्ती आधी समजून घेऊ. यातला प्रत्येक बॉम्ब मुठीत मावेल एवढा, जेमतेम ३९ मिलिमीटर व्यासाचा. त्याला कामे मात्र दोन. खालच्या तोंडाशी तांब्याचा पोकळ शंकू असतो. स्फोट होताच त्या तांब्याची वेगवान धार बनते आणि वाहनाच्या छताचे पोलादी कवच भेदते. त्याच वेळी बॉम्बच्या पोलादी कवचाच्या ठिकऱ्या होऊन आसपासची माणसे टिपली जातात. शंकूचे काम नीट व्हायचे तर त्याच्यापुढे थोडी मोकळी जागा लागतेच. रचनाकारांनी ती जागाही वाया जाऊ दिली नाही. शेजारच्या बॉम्बचा फ्यूज आणि त्यावरची नायलॉनची घडी घातलेली फीत त्यांनी नेमकी त्या पोकळीत बसवली. फडताळात पातेली एकात एक घालून ठेवावीत तसे हे बॉम्ब एकमेकांच्या पोटात शिरून उभे असतात. सर्वांत खालच्या तीन थरांतले बॉम्ब थोड्या जाड कवचाचे, कारण तोफेतून सुटताना वरच्या सगळ्या थरांचा प्रचंड भार त्यांच्यावर येतो. लक्ष्यावर पोहोचताच गोळ्याच्या नाकातला वेळेचा फ्यूज एक छोटा बार पेटवतो, गोळ्याचे बूड सुटते आणि ८८ बॉम्ब मागून बाहेर फेकले जातात. गोळ्याच्या फिरकीमुळे ते पांगतात. फीत उलगडते, बॉम्बला तोंडावर सरळ धरते आणि तिच्या ओढीने फ्यूजचा स्क्रू सुटून बॉम्ब सज्ज होतो.

ही युक्ती जिथे यशस्वी होते, तिथेच तिचा दोषही आहे. दुसऱ्याच्या पोकळीत मावायचा तर फ्यूज बुटका हवा. थर अकरा असल्याने प्रत्येक फ्यूजची उंची थोडी जरी वाढली, तरी ती अकरा वेळा मोजावी लागते आणि अख्खा थर कमी करण्याची वेळ येते. त्यामुळे फ्यूजमध्ये विजेरी नको, दुसरा पर्यायी यांत्रिक भाग नको, ठरावीक वेळेनंतर बॉम्बने स्वतःला नष्ट करावे अशी सोय नको. उरला तो एक स्क्रू, एक सरकती पट्टी आणि एक सुई. फीत शेजारच्या बॉम्बमध्ये अडकली, स्क्रू पुरता सुटला नाही, बॉम्ब झाडाच्या फांदीत लटकला, चिखलात किंवा बर्फात हळूच रुतला, तर सुई स्फोटकापर्यंत जात नाही. आणि बॉम्ब जिवंत राहतो. जागा वाचवण्याचा निर्णय आणि न फुटण्याचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. प्रत्यक्षात पहिलीतूनच दुसरी निघते.

आकडे पाहू. २०२३ च्या जुलैत अमेरिकेने असे गोळे युक्रेनला द्यायचे ठरवले, तेव्हा निवडक साठ्यात न फुटण्याचे प्रमाण २.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नसल्याचे पेंटागॉनने सांगितले. हा दावा जसाच्या तसा धरला तरी एका गोळ्यामागे दोन जिवंत बॉम्ब उरतात. सहा तोफांच्या तुकडीने प्रत्येकी तीन गोळे डागले, तर १,५८४ बॉम्ब पडतील आणि ३७ न फुटता राहतील. जुन्या साठ्यांच्या अमेरिकेतल्याच चाचण्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत आढळलेले आहे. त्या हिशेबाने त्याच काही मिनिटांच्या माऱ्यात २२० हून अधिक बॉम्ब शेतात पडून राहतात. कारखान्याच्या भाषेत दोन टक्के दोष म्हणजे उत्तम माल. इथे मात्र संख्याच एवढी मोठी असते, की टक्का लहान असून भागत नाही. जितके जास्त बॉम्ब भराल, तितके जास्त मागे सोडाल.

गोळ्यात लहान गोळ्या भरण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश तोफखान्यातला अधिकारी हेन्री श्रॅपनेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मांडली आणि १८०३ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या एका श्रॅपनेल गोळ्यात पावणेचारशेच्या आसपास गोळ्या असत, मधल्या फटींत राळ ओतलेली असे. ते शस्त्रही क्रूरच होते. पण त्या गोळ्या निव्वळ धातूच्या होत्या. जमिनीवर पडली की प्रत्येकीचे काम संपे. पुढे शंभर वर्षांनी नांगराला ती लागली, तर शेतकरी उचलून बाजूला टाकू शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनेत जो मूलभूत बदल झाला, तो संख्येचा नव्हता. गोळ्यातल्या प्रत्येक लहान तुकड्याला स्वतःचे स्फोटक आणि स्वतःचा फ्यूज मिळाला. तेव्हापासून एका तोफगोळ्यात एकाऐवजी ८८ स्वतंत्र यंत्रे जाऊ लागली, आणि त्यातले प्रत्येक चुकू शकते.

ती चुकतात तेव्हा काय होते, हे दक्षिण लेबनॉनने पाहिले. २००६ च्या युद्धात इस्रायलने तिथे याच जातीचे तोफगोळे आणि अग्निबाण वापरले. त्यातला बहुतेक मारा युद्धबंदीआधीच्या अखेरच्या तीन दिवसांतला, असे संयुक्त राष्ट्रांनी तेव्हाच सांगितले. न फुटलेल्या बॉम्बची संख्या दहा लाखांपर्यंत असू शकते, असा त्यांचा अंदाज होता. ऑलिव्हच्या आणि संत्र्यांच्या बागा, तंबाखूची शेते, घरांची अंगणे, सगळीकडे ते पडले. फांदीला फीत अडकून बॉम्ब झाडावर लटकत राहिले. पीक काढणीला आलेले असताना शेतात पाय टाकायचा की नाही, हा निर्णय घराघरात घ्यावा लागला. फीत दिसली म्हणून मुलांनी हात लावला आणि हात गमावला, अशा घटना घडल्या. युद्ध संपल्याची घोषणा झाल्यावरही वर्षानुवर्षे माणसे जखमी होत राहिली.

‘फ्यूज सुधारा म्हणजे झाले’ हे उत्तरही तिथेच तपासले गेले. स्वतःला नष्ट करण्याची सोय असलेला एम-८५ हा इस्रायली बॉम्ब या वर्गातला सर्वांत भरवशाचा मानला जाई. तो अधिक उंच. त्यामुळे १५५ मिलिमीटर गोळ्यात ८८ ऐवजी ६३ च मावत, आणि पल्ला वाढवण्यासाठी बुडाशी वायू सोडणारी यंत्रणा बसवली की ४९. म्हणजे भरवसा वाढवायचा तर जागा सोडावी लागते, हे बनवणाऱ्यांनीच मान्य केले होते. चाचणीत या बॉम्बचे न फुटण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत सांगितले गेले. लेबनॉनमध्ये प्रत्यक्ष जमिनीवर मोजणी करणाऱ्या तज्ज्ञांना मात्र ते दहा टक्क्यांच्या आसपास आढळले. नॉर्वेच्या एका मानवतावादी संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासाचे वजन असे छोटे बॉम्ब वाहणाऱ्या, म्हणजे क्लस्टर शस्त्रांवरच्या बंदीच्या वाटाघाटींत पडले. चाचणीच्या सपाट, कठीण मैदानात बॉम्ब जसा वागतो, तसा बागेत आणि भिजल्या मातीत वागत नाही, हा त्याचा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे.

सैन्याची बाजूही मांडली पाहिजे. पांगलेल्या पायदळावर किंवा वाहनांच्या ताफ्यावर असा एक गोळा साध्या स्फोटक गोळ्यांच्या कित्येक पट परिणाम करतो. गोळे कमी लागले की ट्रक कमी लागतात, तोफेची नळी कमी झिजते, आपले सैनिक शत्रूच्या उलट माऱ्यात कमी वेळ राहतात. दारूगोळ्याची टंचाई असलेल्या युक्रेनला हे गोळे हवेसे वाटले, ते याच कारणाने. आक्रमणाला तोंड देणाऱ्या देशाची ही निकड खोटी ठरवता येणार नाही. पण सैन्याचाच अनुभव दुसऱ्या बाजूनेही बोलतो. १९९१ च्या आखाती युद्धात पुढे सरकणारे अमेरिकी सैनिक आपल्याच तोफखान्याने आणि विमानांनी मागे सोडलेल्या जिवंत बॉम्बवर पाय पडून मेले. जी जमीन जिंकायची आहे, तिच्यातच आपण सुरुंग पेरत असतो.

यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग सिद्ध झाले आहेत. दोन्ही जागेचा वापर वेगळ्या रीतीने करतात. पहिला मार्ग म्हणजे थोडे, पण शहाणे. जर्मनीचा ‘स्मार्ट १५५’ आणि स्वीडन-फ्रान्सचा ‘बोनस’ या गोळ्यांत प्रत्येकी फक्त दोन बॉम्ब असतात. ते वाहन शोधूनच मारा करतात, आणि लक्ष्य सापडले नाही तर स्वतःला नष्ट करतात. ३० मे २००८ रोजी डब्लिनमध्ये स्वीकारलेला आणि १ ऑगस्ट २०१० पासून लागू झालेला क्लस्टर बॉम्बबंदीचा करार अशा शस्त्रांना बंदीतून वगळतो, पण अटी कडक आहेत. संख्या दहापेक्षा कमी, प्रत्येकाचे वजन चार किलोपेक्षा जास्त, एकाच लक्ष्याचा वेध, इलेक्ट्रॉनिक स्वयंनाश आणि तो चुकला तर आपोआप निष्क्रिय होण्याची सोय. करार करणाऱ्यांनी मुळाशी हात घातला, तो असा. संख्येवर आणि आकारावरच त्यांनी मर्यादा आणली.

दुसरा मार्ग श्रॅपनेलच्या तत्त्वाकडे परत जातो. अमेरिकेच्या जीएमएलआरएस अग्निबाणात आधी ४०४ छोटे बॉम्ब असत. त्यांच्या जागी आता सुमारे १,८२,००० टंगस्टनचे कण भरलेले स्फोटक शीर्ष आले आहे. ते हवेत फुटते, कण खाली झोडपले जातात आणि नंतर उरतो तो निर्जीव धातू. त्या स्फोटात सापडलेल्याला यात काही दया नाही. पण दहा वर्षांनी त्या शेतात खेळायला येणाऱ्या मुलाला ते मारत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. भारताने क्लस्टर बॉम्बबंदीच्या करारावर सही केलेली नाही. पिनाक अग्निबाण पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या छोटे बॉम्ब वाहणाऱ्या ‘एरिया डिनायल’ प्रकाराच्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्यासाठी खास लहान आकाराचे आणि स्वयंनाशाची सोय असलेले फ्यूज पुण्यातच विकसित केल्याचे सरकारने सांगितले. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पिनाकसाठी एकूण १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यात छोटे बॉम्ब वाहणारे अग्निबाण नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हजकडून घ्यायचे आहेत, आणि आधीच तुकडे पाडून ठेवलेल्या स्फोटक शीर्षाचे अग्निबाण पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडून. दोन्ही वाटा एकाच खरेदीत शेजारी शेजारी आहेत. निवड आपल्या हातात आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. न फुटण्याचे किती प्रमाण सैन्य स्वीकारणार, हे संरक्षण मंत्रालयाने संसदेत सांगावे. ते सांगितल्याने शत्रूला कोणतेही गुपित कळत नाही. चाचण्या पोखरणच्या वाळूपुरत्या मर्यादित ठेवू नयेत. पंजाबच्या पाणी साचलेल्या भातखाचरात, काश्मीरच्या सफरचंदाच्या बागेत, लडाखच्या बर्फात त्या घ्याव्यात, कारण आपल्या सीमा तिथे आहेत. मारा कुठे आणि किती झाला याची नोंद ठेवून युद्धबंदीनंतर ती सफाई पथकांना देणे बंधनकारक करावे. २००१-०२ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी आपलेच सैनिक आणि शेतकरी जखमी केले, मारले. त्यापासून शिकायला आणखी एका युद्धाची वाट पाहण्याची गरज नाही. आणि जिथे तुकडे पाडणारे शीर्ष तेच काम करू शकते, तिथे छोट्या बॉम्बची खरेदी थांबवावी.

पुण्यात आणि नागपुरात या दारूगोळ्यावर काम करणारे अभियंते कुशल आहेत. त्यांना ‘किती मावतील’ असे विचारले, तर ते तेही साधून दाखवतील. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: फुटल्यावर जमिनीत काय उरेल? या प्रश्नाचे उत्तर शून्याच्या जवळ येईपर्यंत कोणतीही रचना पूर्ण झाली असे मानू नये. शत्रूला रोखणे हे सैन्याचे कर्तव्य आहे. युद्ध संपल्यावर ते खरोखर संपावे, ही जबाबदारी शस्त्र मागवणाऱ्या सरकारची आहे.