बी.एड.च्या गुणवंतांचा सत्कार झाला, पुढच्या वाटेचं काय?

निकाल लागले की गावोगावी फ्लेक्स झळकतात. बी.एड., एम.एड.ला चांगल्या गुणांनी पास झालेल्या पोरा-पोरींचा ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत सत्कार होतो. शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो. शेतकऱ्याच्या घरातली पोरगी एवढं शिकली तर हा मान मिळायलाच पाहिजे. पण डिग्री हातात आली म्हणजे नोकरी लागली, असं नाही. गावाला वाटतं बाई मास्तरीण झाली. खरी लढाई तिथून पुढं सुरू होते.

दोन वर्षांच्या बी.एड.नंतर सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा दुसरा पेपर पास व्हावा लागतो. १५० पैकी ९० गुण लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, म्हणजे 'टेट'. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून निवड होते.

अडचण इथंच आहे. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि तिसरी मे २०२५ मध्ये. म्हणजे २०१८ ला बी.एड. झालेल्या मुलीची जवळपास पाच वर्षं नुसती परीक्षेची वाट बघण्यात गेली. तोवर सत्काराचा फ्लेक्स फाटतो आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात.

दुसरी गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचं डी.एड.च लागेल. खेड्यातल्या झेडपीच्या शाळा बहुतेक ठिकाणी चौथी-पाचवीपर्यंतच आहेत. म्हणजे ज्या शाळेच्या पटांगणात सत्कार होतो, त्याच शाळेत बी.एड.ला पहिली आलेली पोरगी लागू शकत नाही! बारावीनंतर कुठला रस्ता धरायचा, हे आधीच ठरवलेलं बरं.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. आठवीपर्यंत महिना १६ हजार, नववी-दहावीला १८ हजार मानधन. २०२३ च्या आधी प्राथमिकला तर ६ हजारच होते.

मग गावानं काय करावं? सत्कार करावाच, पण शाल आणि फ्लेक्सच्या खर्चातून परीक्षेची फी आणि पुस्तकं द्यावीत. टेट कॉम्प्युटरवर होते, म्हणून ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर संध्याकाळी दोन तास सरावाला मोकळा ठेवावा. अभ्यासाला एक खोली द्यावी. तिच्याकडून गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायची असेल तर फुकट राबवून घेऊ नये, मानधन द्यावं.

सत्काराच्या दिवशी टाळ्या सगळेच वाजवतात. पोरीला खरी गरज लागते ती पुढच्या चार-पाच वर्षांत.