धावून आल्यावर

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा बाहेरच्यांना माहीत आहे ते जुन्या हेमाडपंती मंदिरांमुळे. पण मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा, पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतील. घामानं चिंब बनियन, पोट रिकामं. परतल्यावर चहात बुडवलेली बिस्किटं, नाहीतर उधारीवर आणलेली प्रोटीन पावडर.

आता हिशेब बघा. भरतीची १६०० मीटर धाव ६० किलोच्या पोराच्या जेमतेम १०० कॅलरी खर्च करते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. नुसत्या धावेची भरपाई तिथंच झाली! दोन तास गोळाफेक, जोर-बैठका केल्या तर गोष्ट वेगळी. मग आधी मीठ घातलेलं ताक, गूळ-फुटाणे. आणि अंग निवलं की ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, जमल्यास दोन अंडी. वजन वाढवायचं असेल तर भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी सढळ हातानं घ्यावी, वर दूध.

पावडर वाईट नाही, महाग आहे. उधारी करण्याआधी आईला विचारा, घरात शेंगदाणे किती आहेत.