वळलेला कणा आणि पायातील कळ

कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या बेताने चढून जाणारे काही वडीलधारे उतरताना मात्र पुनःपुन्हा थांबतात. कमरेतून पोटरीपर्यंत कळ उतरते. बसले, पुढे वाकले की ओसरते. अशा वेळी दोष गुडघ्याचा समजून तेल चोळले जाते, पण मूळ बहुधा कण्यात असते. चढताना शरीर पुढे झुकते व नसांना जागा मिळते. उतरताना पाठ ताठते, जागा आवळते. रक्तवाहिन्यांच्या विकारातही पोटऱ्या दुखतात, परंतु तेथे नुसते उभे राहिले तरी आराम पडतो.

उतारवयात मणक्यांमधील चकत्या एका बाजूने अधिक झिजल्या की कणा कुशीला वळतो. क्ष-किरण चित्रात हे वळण 10 अंशांहून अधिक भरले, तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. वळणाच्या आतील बाजूस नसेची वाट अरुंद होते, नस सुजते.

या सुजेवर स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. व्यापारी मनाचा पहिला प्रश्न असतो, ते किती दिवस पुरेल? कोणास काही आठवडे, कोणास काही महिने, कोणास मुळीच नाही. वळण त्याने सरळ होत नाही. नसांची वाट अरुंद झालेल्या 400 रुग्णांवरील अमेरिकन अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या बधिरतेच्या औषधाच्या तुलनेत स्टेरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनंतर फारसा अधिक लाभ दिसला नाही. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. असह्य कळ शमून व्यायामास सवड मिळाली, तरी पुष्कळ. मात्र एकामागून एक सुया घेत राहणे मला पटत नाही.

हे औषध प्राणिज आहे काय, असे आपल्याकडे हमखास विचारतात. आरंभी कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून करीत. पुढे मेक्सिकोतील रानटी कंदाचा मार्ग सापडला. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांनी हसावे की रुसावे!

मधुमेह्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. त्यासाठी इन्सुलिन वाढविले असता उपवास केल्यास साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. तेव्हा पर्युषणातील नियम डॉक्टरांस आधी सांगावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगाव्यात, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

पाऊल लुळे पडले, लघवी अडली वा बसण्याची जागा बधिर झाली, तर इंजेक्शनची तारीख पाहत बसू नये. त्याच दिवशी, पेढी मुनीमजींवर सोपवून, रुग्णालय गाठावे.